तीन तळ्यांची सहल

वैशाख महिना होता. शेते मोकळी झाली होती. नांगरट उरकली होती. आमच्या साक्षरता वर्गात त्या रात्री 'स' अक्षराचे शब्द चालले होते. सरी, सण, सहल. 'सहल' हा शब्द फळ्यावर आला आणि मागच्या ओळीतल्या आजी म्हणाल्या,

"गुरुजी, सहल लेकरांचीच असती का? आमची शाळा ऱ्हायली, तशी सहलबी ऱ्हायली."

सगळे हसले. मला मात्र ते लागले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी मुलांच्या किती सहली नेल्या! मोठ्या माणसांची एकही नेली नव्हती.

मग वर्गानेच बेत केला. दोन दिवसांची सहल. एक क्रूझर गाडी ठरवली. आम्ही बारा जण झालो, सात पुरुष आणि पाच बायका. भाडे सारखे वाटून घेतले. ज्यांना गाडी ठरवणे परवडत नाही त्यांनी एस.टी.ने जावे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले आहे.

कुठे जायचे? मी म्हटले, "तळी पाहू."

एक शेतकरीदादा म्हणाले, "गुरुजी, उन्हाळ्यात तळ्यात काय ऱ्हातंय? सगळी आटल्याली."

मी म्हटले, "म्हणूनच उन्हाळ्यात जायचे. पावसाळ्यात सगळी तळी सारखीच दिसतात, काठोकाठ भरलेली. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. तेव्हा तळे आपले पोट दाखवते. गाळ किती, खड्डा कुठे, कड कुठे, हे तेव्हाच कळते."

आमचे गाव जालन्याच्या बाजूचे. त्यामुळे वाट सरळ ठरली. पहिल्या दिवशी देऊळगाव मही येथील धरण आणि सिंदखेड राजा येथील मोती तलाव. दुसऱ्या दिवशी लोणार. तिन्ही ठिकाणे बुलढाणा जिल्ह्यात आहेत.

निघण्याआधी मी सर्वांना एक नियम सांगितला. पाण्यात पाय घालण्याआधी पाटी वाचायची. पाटी नसेल तर तिथल्या माणसाला विचारायचे. दोन्ही नसेल तर काठावरूनच पाहायचे.

"एवढं कडक का?" कोणीतरी विचारले.

"धरणावर सांगेन," मी म्हटले.

पहिले पाणी : धरण

पहाटे पाचला निघालो. भाकरी, ठेचा आणि कांदे बांधून घेतले होते. माणशी दोन बाटल्या पाणी होते. ऊन चढायच्या आत धरणावर पोचलो.

हे धरण खडकपूर्णा नदीवर आहे. जलाशयाचे नाव आहे संत चोखासागर. जवळच मेहुणा राजा हे गाव आहे. संत चोखामेळा यांचा जन्म या गावी झाला असे मानतात. चोखोबांच्या काळी त्यांच्या जातीच्या माणसांना देवळाची पायरी बंद होती आणि पाणवठाही बंद होता. आज केवढ्या पाण्याला त्यांचे नाव आहे! महाडला चवदार तळ्याचे पाणी सर्वांना मिळावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह केला. ओंजळीने ते पाणी प्यायले. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे. तो फुकट मिळालेला नाही.

पाणी पाहून आमच्यातल्या एका तरुणाने सदरा काढला. तो म्हणाला, "गुरुजी, मी विहिरीत पोहून मोठा झालोय. दोन हात मारून येतो."

मी म्हटले, "बाबा, आधी खाली बस. माझी एक गोष्ट ऐक. मग ठरव."

तीस वर्षांपूर्वी मी सातवीची मुले घेऊन एका धरणावर गेलो होतो. कोणते धरण ते सांगत नाही. काठावर पाटी होती. तिच्यावर गंज चढला होता, पण अक्षरे दिसत होती. मी त्या पाटीच्या सावलीत पिशव्या ठेवल्या. पाटी वाचली नाही.

मुले गुडघाभर पाण्यात खेळू लागली. एक मुलगा दोन पावले पुढे गेला आणि दिसेनासा झाला. पाण्याखाली तिथे जुन्या नदीची कड होती. मुलाचे हात वर आले, पुन्हा खाली गेले. मला पोहता येत नव्हते. मी नुसता ओरडत राहिलो.

एक मेंढपाळ म्हातारबा धावत आले. त्यांनी उडी मारली नाही. डोक्याचा पटका सोडला. त्याच्या टोकाला आपली काठी बांधली. काठावर पोटावर आडवे झाले आणि काठी मुलापुढे फेकली. मुलाने ती धरली. आम्ही सर्वांनी पटका ओढला. मुलगा बाहेर आला. आज तो दोन लेकरांचा बाप आहे.

मेंढपाळबाबांनी मला विचारले, "मास्तर, त्या पाटीवर काय लिव्हलंय?"

मी मागे वळलो आणि वाचले. 'पाणी खोल आहे. पाण्यात उतरू नये.'

ते म्हणाले, "मला वाचता येत न्हाई. तुमाला येतं म्हणून तर लोकांनी पोरं तुमच्या हवाली केली."

मी काय उत्तर देणार? त्या रात्री मी मुलाच्या घरी गेलो आणि घडले ते सगळे सांगितले. मुलाची आई एक शब्दही बोलली नाही. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. तो तांब्या मला अजून आठवतो.

गोष्ट संपली. तरुणाने सदरा पुन्हा अंगात घातला.

मग आम्ही धरणाचे पाणी कसे असते ते समजून घेतले. विहीर आपल्या ओळखीची असते. तिची खोली आपल्याला ठाऊक असते. धरण तसे नाही. धरण बांधले की आधीची नदी, नाले, शेते, विहिरी पाण्याखाली जातात. वरून पाणी सपाट दिसते. खाली मात्र जुन्या नदीचे पात्र असते. जुनी विहीर असू शकते. झाडांची खोडे असतात, त्यांत पाय अडकतो. काठाला गाळ असतो, त्यात पाय रुततो. दरवाजे उघडले तर पाण्याला अचानक ओढ लागते. चांगला पोहणारासुद्धा इथे फसतो.

पाण्यात न उतरताही धरणावर पाहण्यासारखे खूप आहे. आम्ही झाडाखाली बसलो आणि पक्षी पाहिले. बगळा काठाच्या उथळ पाण्यात एका पायावर उभा होता. पाणकावळा पुढे खोल पाण्यात बुड्या मारत होता. खंड्या खोडावरून सूर मारत होता. टिटवी आमच्यावर ओरडत होती, कारण तिची अंडी जवळच उघड्या जमिनीवर असावीत. आम्ही तिथून दूर सरकलो. एक ताई म्हणाल्या, "पाखरांनी पाणी वाटून घेतलंय बघा. ज्याला जेवढं झेपतं तेवढ्यातच तो उतरतो."

दुसरे पाणी : मोती तलाव

दहाच्या सुमारास सिंदखेड राजाला आलो. हे राजमाता जिजाऊंचे जन्मगाव. १२ जानेवारी १५९८ हा त्यांचा जन्मदिवस मानतात. दरवर्षी त्या दिवशी येथे मोठी गर्दी होते. लखुजी जाधवरावांच्या वाड्यात आम्ही दुपार काढली. वैशाखाच्या दुपारी उन्हात हिंडू नये. जाड भिंतींच्या सावलीत बसावे, भाकरी खावी, थोडे आडवे व्हावे.

चार वाजता मोती तलावावर गेलो. हा तलाव जाधवरावांच्या काळातला सांगतात. त्याची बांधणी दगडी आहे आणि किल्ल्याच्या तटासारखी भक्कम आहे. पाणी खाली गेले होते. त्यामुळे भिंतीचे दगड खालपर्यंत दिसत होते. एक गवंडीदादा आमच्याबरोबर होते. ते हाताने दगडाचे सांधे चाचपत चालले. "असं काम करायचं तर घाई नको," एवढेच बोलले.

जुन्या लोकांनी तलाव का बांधले? पावसाचे पाणी अडावे म्हणून. जमिनीत मुरावे म्हणून. खालच्या विहिरींना पाझर फुटावा म्हणून. तलाव वर असतो, पण त्याचा उपयोग खालच्या विहिरीला होतो.

तलावाचा शत्रू म्हणजे गाळ. पावसाबरोबर शेतातली माती वाहून येते आणि तळाशी बसते. दरवर्षी तलाव थोडा थोडा भरतो. पाणी राहायला जागा उरत नाही. तोच गाळ शेतात टाकला तर हलकी जमीन सुधारते. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली ती याचसाठी.

शेतकरीदादा म्हणाले, "औंदा आपल्या पाझर तलावातला गाळ काढला की. मी धा ट्रॉल्या टाकल्या."

मी विचारले, "गाळ काढला तिथे आता काय आहे?"

"खड्डा."

"किती खोल?"

ते थांबले. मनात मोजू लागले. "दोन पुरुष तरी आसंल."

"पहिल्या पावसात तो भरेल. वरून कळेल का खड्डा कुठे आहे ते?"

कोणी बोलले नाही. आमच्या गावची पोरे दरवर्षी त्या तलावात डुंबतात. त्यांना जुना तलाव ठाऊक आहे, कमरेएवढ्या पाण्याचा. नवा खड्डा त्यांना ठाऊक नाही. गाळ काढणे चांगलेच. पण गाळ काढला की तलाव बदलतो. तो पुन्हा नव्याने ओळखून घ्यावा लागतो.

ऊन उतरले तसे निघालो. रात्री लोणारला मुक्काम केला.

तिसरे पाणी : लोणार

पहाटे उठून कड्यावर गेलो. खाली पाहिले आणि सगळे गप्प झाले. जमिनीत एक अफाट गोल वाटी. तिचा घेर हिरव्या झाडीने भरलेला. तळाशी पाणी.

ही वाटी एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. खोली सुमारे दीडशे मीटर आहे. ती कोणी खोदली नाही. आकाशातून एक प्रचंड दगड प्रचंड वेगाने येऊन पडला आणि हा खड्डा झाला. अशा दगडाला अशनी म्हणतात.

आजींनी विचारले, "मग तो दगड कुठं गेला?"

चांगला प्रश्न आहे. एवढ्या वेगाने आदळल्यावर फार मोठी उष्णता निर्माण होते. दगड फुटतो, वितळतो, त्याची वाफ होते. म्हणून तो अख्खा सापडत नाही. त्याच्या खुणा मात्र सापडतात. १९७३ सालच्या सुमारास शास्त्रज्ञांनी इथे तळाला भोके पाडून खालचा खडक तपासला. त्यात काचेसारखे कण मिळाले. तसे कण मोठ्या आघातानेच तयार होतात. त्याआधी हे विवर ज्वालामुखीचे असावे असे पुष्कळांना वाटे. आपल्याकडच्या काळ्या खडकात अशनीने झालेली विवरे जगात फार थोडी आहेत.

किती वर्षांपूर्वी हे घडले? पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे मानत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. शास्त्रही आपले जुने उत्तर खोडून नवे लिहिते. आपणही पाटीवर अक्षर चुकले तर पुसतोच की.

गावात दुसरी कथा सांगतात. लवणासुर नावाचा दैत्य इथे राहत असे. विष्णूने त्याला मारले. त्यावरून लोणार हे नाव पडले. गावात दैत्यसूदनाचे जुने सुंदर देऊळ आहे. लवण म्हणजे मीठ. कथा रचणाऱ्यांनाही पाणी खारट आहे हे ठाऊक होते.

खाली उतरायच्या वाटेवर एक पाटी होती. आजी थांबल्या. सगळे त्यांच्यामागे थांबले. त्या एकेक अक्षर लावू लागल्या. "व... न्य... जी... व. अ... भ... या... र... ण्य." कपाळावरचा घाम पुसून त्या म्हणाल्या, "जोडाक्षरं लई आडवी पडली बाई!"

मग त्यांनीच अर्थ विचारला. अभयारण्य म्हणजे जिथे जनावरांना भय नाही असे रान. इथे झाड तोडायचे नाही. दगड खिशात घालायचे नाहीत. कचरा टाकायचा नाही. वानरांना खाऊ द्यायचा नाही. २०२० साली हे सरोवर रामसर यादीत आले. रामसर हे इराणमधले गाव. तिथे १९७१ साली अनेक देशांनी पाणथळ जागा राखण्याचा करार केला.

वाट उताराची आणि खडकाळ आहे. चप्पल नको, बूट हवेत. आम्ही काठी टेकत, एकमेकांना हात देत उतरलो. मोर ओरडत होते. खाली पाण्याजवळ उग्र वास येतो. हे पाणी खारट आहे आणि सोड्यासारखे क्षारयुक्त आहे. ते पिण्याचे नाही, पोहण्याचे नाही.

पण वर कड्याजवळ गोड्या पाण्याची धार बारा महिने वाहते. खाली मात्र खारट पाणी. असे का?

कढईत पाणी उकळत ठेवा. पाणी आटते. त्यातले मीठ कुठे जाते? तळाशी राहते. लोणारच्या वाटीत पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी येते. बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेते, क्षार ठेवते. हजारो वर्षे असेच चालले आहे. शेतकरीदादा लगेच म्हणाले, "म्हंजी आमच्या चोपण जमिनीवाणी. पाणी दिलं, निचरा न्हाई, की वर पांढरं फुटतं." अगदी बरोबर. लोणारचा धडा त्यांच्या बांधावर लिहिलेलाच होता.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या अगदी बारीक जीवांमुळे तो रंग आला होता. पाणी आटून क्षार वाढले की हे जीव वाढतात. पुढे पाऊस पडला आणि रंग पुन्हा बदलला.

उतरणे सोपे, चढणे अवघड. आम्ही ऊन तापायच्या आत परत फिरलो, तरी एका काकांना चक्कर आली. त्यांना सावलीत बसवले. ओल्या उपरण्याने अंग पुसले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजले. चमचा चहाचा घ्यावा. अर्ध्या तासाने ते उठले. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपली, तर वाट पाहू नये. त्याला काही पाजू नये. लगेच १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे.

गावात परतल्यावर

संध्याकाळी घरी आलो. दुसऱ्या रात्री वर्ग भरला. मी विचारले, "सहलीत काय पाहिले ते लिहा."

आजी म्हणाल्या, "आधी आपल्या तलावाची पाटी लिव्हा."

सगळ्यांना पटले. ग्रामपंचायतीला विचारले. एक जुना पत्रा आणला. मी खडूने लिहू लागलो, 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे.'

आजींनी अडवले. "गुरुजी, हे सरकारी झालं. पोरं वाचत्याल आन् उड्या मारत्याल. का मनाई हाय ते लिव्हा की."

मग वर्गाने मिळून मजकूर केला. एकेकाने एकेक शब्द रंगवला. पाटी अशी झाली :

'लेकरांनो, थांबा. येथे गाळ काढलेला खड्डा आहे. दोन पुरुष खोल. पाण्यात उतरू नका.'

'खड्डा' शब्दातला 'ड्ड' त्या तरुणाने काढला. तोच, ज्याने धरणावर सदरा काढला होता. पाटीखाली एक चित्रही काढले : पाणी, आणि पाण्यातून वर आलेला हात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ते चित्र. मला ते मेंढपाळबाबा आठवत होते.

पाटी रोवली तेव्हा आभाळात पहिले ढग दिसत होते.

हे लक्षात ठेवा

१. कोणी बुडत असेल तर आधी ओरडून माणसे गोळा करा. घाईने उडी मारू नका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघे बुडतात.

२. काठी, दोर, पटका, लुगडे, लांब फांदी पुढे करा. घट्ट झाकणाचा रिकामा कॅन फेका. तो तरंगतो.

३. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नका. पोट दाबून पाणी काढत बसू नका. तो श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. ही रीत आरोग्य केंद्रात विचारून आधीच शिकून घ्या.

४. लहान मुले पाण्याजवळ असतील तर एका मोठ्या माणसाने दुसरे काहीही न करता त्यांच्याकडेच पाहत राहावे.

विचार करा आणि सांगा

१. विहीर आणि धरण यांच्या पाण्यात फरक काय?

२. लोणारचे पाणी खारट का झाले? तुमच्या गावात चोपण जमीन कुठे आहे?

३. मेंढपाळबाबांना वाचता येत नव्हते. तरी त्यांना काय काय येत होते?

४. तुमच्या गावच्या तलावावर पाटी आहे का? ती कोणी, केव्हा वाचली? नसेल तर तिच्यावर काय लिहाल? चार ओळी लिहून वर्गात वाचून दाखवा.